चिठ्ठीवरचा आकडा

पुढे एकसष्ट ओळी आहेत.

सावदा स्टेशनापासून दीड किलोमीटरवर
केळी पिकवायच्या आठ खोल्या. पत्र्याची शेड, आत थंडगार अंधार,
कोपऱ्यात माझं टेबल, चौथ्या पायाखाली वीट.
प्रत्येक खोलीत बोटाएवढं एक यंत्र
दर मिनिटाला सांगतं तापमान, ओल, हवेतला वायू.
बोलण्याआधी दोन बाइट: किती बोलणार आहे ते.
मग तेवढंच बोलतं.
सासूबाईंना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या,
असं माणूस एखादं दाखव बाई मला.

मंगळवारी पाच नंबरचं यंत्र बदललं.
नवं इंदूरहून बसने आलं, गुंडाळलेलं जुन्या टॉवेलात.
तेही आधी दोन बाइट पाठवायचं,
पण थोरला पुढे, धाकटा मागे.
माझ्या प्रोग्रॅमला धाकटा आधी घ्यायची सवय.
त्यानं लिहिलं सोळा.
मी वाचलं चार हजार शहाण्णव.

आणि वाट बघत बसले. म्हणजे प्रोग्रॅम बसला, मी झोपले होते.
सोळा आले, पुढच्या मिनिटाला अठरा, परत अठरा,
एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू झालं तरी
सगळं एकाच पोटात. हावरट नव्हता, आज्ञाधारक होता.
पावणेचार तास असंच. नंतर नुसती बडबड, अर्थ नाही.
स्क्रीनवर पाच नंबर हिरवा, तापमान साडेसोळा,
रात्री अकराचं साडेसोळा.
कॉम्प्रेसरला कोणी हाक मारली नाही.
केळं पिकताना स्वतःची ऊब स्वतः सोडतं,
त्याला कोणाचं पॅकेट लागत नाही.

पहाटे रुबाब तडवीनं दार उघडलं.
आधी वास बाहेर आला, मग तो.
'पाच नंबर गेला ना ताई,' एवढंच.
बारा टन. सुरतची गाडी सातला लागणार होती.
भंगाळे शेठ ओरडले नाहीत, चहा मागवला.
त्याची जास्त भीती वाटली.

दुपारी कोड उघडून बसले. सी भाषा मोठी सरळ,
सांगाल ते करते, का म्हणून विचारत नाही.
बाइटांची उलटापालट एका ओळीत झाली.
सोळा मागितले की कधी सातच येतात,
उरलेले नऊ परत मागायचे, पुन्हा पुन्हा मागायचे,
तो लूप मी पहिल्या दिवशीच लिहिला होता, त्याचाच तोरा होता.
नव्हती ती साधी एक शंका.

बाहेर चिनावलहून आयशर आली होती.
चिठ्ठीवर तीनशे दहा घड.
रुबाबनं चिठ्ठी कानामागे खोचली, गाडीभोवती एक चक्कर मारली,
टायर बघितले, म्हणाला, 'तीनशे दहा हिच्यात मावतीन कुठी?'
ड्रायव्हर सुपडू म्हणाला, 'मी थोडी लिखली? मी त आनली नुसती.'
मग रुबाब मोजायला उभा राहिला, दर घडाला एक हुंकार.

मी खिडकीतून बघत राहिले. चहावर साय धरली.
मग लिहिलं: लांबी चौसष्टच्या वर सांगितली
तर जागा मागू नकोस, पुढचं वाचू नकोस,
जोडणी तोड, दिवा लाल कर, मला उठव.
पाच सेकंदांत बोलणं पुरं नाही झालं, तरी उठव.

पाठवायची बाजू राहिली होती.
तिथं सुरुवातीला दोन घरं रिकामी सोडायची,
सगळं बोलून घ्यायचं, मोजायचं,
मागे येऊन आकडा भरायचा, आणि तेव्हा कुठे पाठवायचं.
शेठकडे गेले तेव्हा मी अशी घरं सोडली नव्हती.
फार बोलले. मध्येच त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

दोनशे अठ्ठेचाळीस भरले घड. रुबाबनं चिठ्ठीवर खोडून लिहिलं,
सुपडूची सही घेतली.
पाच नंबर धुऊन काढलाय, दार उघडं आहे, वास अजून आहे.
वर मी जो आकडा लिहिलाय, तोही चिठ्ठीवरचाच.
मोजून घ्या.