प्लॉट नंबर एक्केचाळीस

बेसाच्या पुढे, जिथे लेआउटचे दगड
अजून गवतात पाठमोरे बसलेत,
तिथे आमचा प्लॉट आहे.
चौऱ्याण्णव साली घेतलेला, हप्त्याहप्त्यानं.
घर बांधू, बांधू म्हणता
यांनी रिटायरमेंटच्या पैशात शाळेची जुनी बस घेतली,
वाडीच्या गॅरेजात सात महिने ठेवली,
आत पलंग, बेसिन, माझ्या हिरव्या पातळाचे पडदे,
आणि काल संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर काढली.
मानेवाडा ते बेसा. एवढाच प्रवास.
"आधी ट्रायल," म्हणाले.
मालगाडीचे ड्रायव्हर होते. ट्रायलशिवाय
हे बोहल्यावरही चढले नसते.

मग मागून ती पेटी उतरवली.
घडीचे चार पाय, पोटात पंखा, पाठीत स्क्रू,
चूल म्हणावं तर तिला वायर.
पऱ्हाटी दळून, दाबून केलेल्या कांड्या, करंगळीएवढ्या,
यांच्या लोखंडी लाइन बॉक्समध्ये भरून आणलेल्या.
त्याच बॉक्सात एकतीस वर्षं
माझ्या हातची पोळी इटारसीपर्यंत गार होत गेली.

"एकशे दहावर ठेवायचं. चार तास."
चार तास!
मी पोस्टात सॉर्टिंगला होते,
चार तासांत अख्खा विदर्भ खणाखणात टाकून
हात धुवायची.
सावजी मसाला चोळलेली कोंबडी जाळीवर ठेवली,
कडेला दोन वांगी. झाकण लावलं.
आकडे लाल झाले.
स्क्रू करकरला, चार कांड्या पुढे ढकलून थांबला.
पुन्हा करकरला.

आणि धूर आला.
पातळ, निळा, काहीच न मागणारा.
वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या पेटवायचे बाबा,
काटोलच्या शिवारात, तोच वास.
मी यांना काही बोलले नाही. खुर्ची जरा जवळ ओढली.

शेजारच्या फ्लॅट स्कीमचा चौकीदार, मडावी, आला.
"घर केव्हा बांधता जी?"
"हे काय, उभं तर आहे."
मडावीनं चाकं पाहिली, वाकून, टॉर्च मारून.
"पाया चांगला आहे," म्हणाला.

आम्ही बसलो. एवढा वेळ
दोघं एका जागी कधी बसलो होतो, आठवेना.
बोलायला काही सापडेना म्हणून यांनी स्टेशनं सांगितली,
गोधनी, कळमेश्वर, काटोल, नरखेड, पांढुर्णा,
आणि मधेच थांबून,
"तुझ्या काटोलला रात्री दोनला जायचो.
हॉर्न एक जास्त मारायचो."
"कोणासाठी? मी तर मानेवाड्यात झोपलेली."
"हाव ना," म्हणाले. आणि झाकणाकडे पाहत राहिले.

पावणेदहाला बॅटरी गेली.
आकडे विझले, पंखा थांबला, स्क्रू अर्ध्या वळणावर.
यांनी पेटीचं पोट उघडलं, तारा चाचपल्या,
इंजिनाला म्हणायचे तेच तिलाही म्हणाले, हळू आवाजात.
कोंबडी अर्धी झालेली. बाहेरून सोनेरी, आतून हट्टी.

मी उठले.
मडावीकडून दोन विटा आणल्या, चार गोवऱ्या.
तिसरा दगड लागत होता.
आग्नेय कोपऱ्यातला, आमच्या हद्दीचा,
हलवला तर सैल निघाला, दातासारखा.
नकाशात तिथेच माझा ओटा होता.
लाइन बॉक्समधल्या कांड्यांची मूठ टाकली,
फुंकर मारली. डोळ्यांत गेला धूर, यंत्राचा नव्हे, चुलीचा.
कणीक होतीच. रोडगे लावले.

साडेअकराला जेवलो, तिघं, ताटलीवर ताटली न ठेवता
कागदावरच.
"उद्या दुसरी बॅटरी घेतो," हे म्हणाले,
"मग चिखलदरा."
"घ्या की," मी म्हटलं. खरंच म्हटलं.
पेटी वाईट नाही. तिला धीर आहे,
फक्त तो तारेतून येतो.

सकाळी दगड परत जागी बसवला,
काळी बाजू आत करून.
मडावी गेटशी दात घासत उभा होता.
"काम सुरू केलं का जी?"
तोंडात ब्रश, म्हणून नीट ऐकू आलं नाही,
असं मी दाखवलं,
आणि पडदे झटकले. वास तसाच.