अकरा सेकंद

रुझारने कॅनडाहून आवाज पाठवलाय.
अकरा सेकंदांचा. शब्द एकच : "ऐक."
मग इंजिन.

कुडचड्यात सकाळचे दहा. शटर अर्धं खाली,
पत्रा आत्ताच तापून टणटणतोय,
आणि माझ्या कानाशी बर्फावरून धावणारी गाडी,
जी मी कधी पाहिली नाही,
जिला पुढे चाकांऐवजी पाट्या आहेत म्हणे,
मागे रणगाड्यासारखा पट्टा.

सुटते. मग घुटमळते,
उधारी मागायला दारात आलेल्या माणसासारखी,
आत यावं की नको.
मग एकदम गचका, आणि पळ.

तिसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटले.
अरे, हा क्लच आपलाच की, स्कूटरचा मोठा भाऊ!
दोन थाळ्या समोरासमोर, मध्ये बेल्ट,
वजनं बाहेर फेकली जातात, थाळ्या जवळ येतात,
बेल्ट चढतो.
एवढंच तर शिकवलं होतं तुला,
त्या पोदेराच्या स्कूटरवर,
जी भरल्या टोपलीनिशी चढणीला रडायची
आणि रिकामी परतताना गायची.

मी म्हटलं, "आधी चोक अर्धा ओढ.
सुधारली तर ती उपाशी आहे, जेट बघ.
नाही सुधारली तर कार्ब्युरेटरला हात लावू नकोस,
दिसेल ते उघडायची खोड आहे तुला.
मागच्या थाळीचा स्प्रिंग बघ. रोलर बघ,
एका बाजूने चपटे झाले असतील."

उत्तर : चोकने काही नाही. स्प्रिंग नवा. रोलर गोल.
बाहेर उणे एकतीस.

उणे एकतीस.
हा आकडा ठेवायला माझ्या गॅरेजात फळी नाही.
आमच्याकडे गार म्हणजे
पिदादची मासळीची पेटी.

पिदाद, रुझारची आई. बाजारात नळाजवळ बसते.
संध्याकाळी तिच्या बर्फात, बांगड्यांच्या खाली,
मी एक जुना बेल्ट पुरला.
"हें कितें रे शाणू?"
"तुझ्या पोराची गाडी."
ती काही बोलली नाही,
वरून आणखी दोन मुठी बर्फ घातला.

सकाळी काढला.
वास बांगड्याचा, आणि ताठ,
सुक्या बोंबलासारखा.
वाकवला तर आधी नकार, मग कुरकुर,
मग कबूल.
अकरा सेकंद, नेमके तेच,
माझ्या दोन मुठींत.
आणि हा तर नुसता शून्याच्या उंबऱ्यावरचा.

पाठवलं : "गाडीत खोट नाही. बेल्ट गारठलाय.
मागून उचल, टेकू दे,
पट्टा हवेत पाच मिनिटं फिरू दे, हळू.
रात्री बेल्ट काढून घरात घे,
उशाशी ठेव हवा तर.
आणि माझा दहाचा पाना
तूच नेलायस, मला माहीत आहे."

उत्तर रात्री तीनला येऊन पडलेलं.
मी बाजारात गेलो,
फोन पिदादच्या कानाला लावला.
इंजिन सुटलं, चढलं, सलग,
कुठेच अडलं नाही.
मी हसलो. पान्याबद्दल अक्षर नाही.

पिदादने बोटाने खूण केली : परत.
परत लावलं.
परत.
इसवण कापून न्यायला आलेलं गिऱ्हाईक खोळंबलं.

"खोकतोय," ती म्हणाली.

कोण? मला तर इंजिनच ऐकू येत होतं.

"मागे. संपता संपता."
सुरी खाली ठेवून तिने ओला हात पदराला पुसला
आणि फोन माझ्या कानाकडे ढकलला.

मी डोळे मिटले.
सात. आठ. नऊ.
होता.