वर आणि खाली

सिनोवेनं खोक्यातून काढलेला डबा
तळहाताएवढा. मी म्हटलं, एवढाच?
एवढ्यात सगळं संगीत मावतं?
"यात काहीच नसतं आजोबा, ते दुसरीकडे असतं."
दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तिलाही सांगता येईना.

माझा अ‍ॅम्प्लिफायर चौऱ्याहत्तर सालचा,
अक्रोडाच्या लाकडाचा, चौदा किलो.
ट्रॉलरवरच्या पहिल्या हंगामाची कमाई त्यात गेली,
आणि तो हाउगेसुंडच्या धक्क्यावरून घरी आणताना
पाठीतली एक शीर.
सुरू केला की आधी लांबलचक "हं" म्हणतो,
मग ऐकवतो.
हाल्वार्ड म्हणायचा, तुझ्यापेक्षा हा बरा,
निदान हुंकार तरी देतो.
हे आम्ही बोलत होतो तेव्हाचं.

लाल पिन उजवी, पांढरी डावी.
पोरीनं दोन्ही फोनोच्या भोकांत खुपसल्या
आणि डेकवरून नांगराची साखळी ओढावी
तसा आवाज खोलीभर झाला.
तिनं कान झाकले. मला बरं वाटलं,
मला ठाऊक असलेलं काहीतरी निघालं एकदाचं.
तिथे नाही गं, म्हटलं,
तिथे तबकडीचा बारीक आवाज लागतो, तो मोठा करून घेतात.
मोठ्यालाच मोठं करायला गेलं की असं होतं.
भावाभावांत होतं तसं,
हे मात्र गिळलं.

रेडिओची जागा मोकळीच होती.
स्टेशनं बंद झाली तेव्हापासून तो नुसता खरखरतो,
तरी मी त्याची वायर काढली नव्हती.
आज काढली. तिच्यावरची धूळ
लोकरीसारखी हातात आली.

पासवर्ड जिन्यातल्या राउटरच्या पोटावर.
जिना दोघांचा, राउटर दोघांचा, बिल निम्मं निम्मं.
दर महिन्याला मी पाकीट त्याच्या बुटात ठेवतो,
तो पावती माझ्या बुटात.
अकरा वर्षांत एवढाच पत्रव्यवहार.
बापाची बोट त्यानं विकली की मी विकू दिली,
यावर आमचं जमलं नाही.
भाऊबंदकीला समुद्राची हवा मानवते;
खारवलेलं लवकर नासत नाही.

मग फोननं विचारलं: या खोलीचं नाव?
खाली यादी. दिवाणखाना, स्वयंपाकघर, गॅरेज.
मी विचार करत होतो तोवर पोरीनं लिहूनही टाकलं,
"खाली".
असलं कसलं नाव?
"वरच्याचं 'वर' आहे ना," ती म्हणाली,
आणि जीभ चावली.

पडद्यावर होतं खरंच.
वर.
म्हणजे त्याच्याकडेही हा डबा.
म्हणजे तो बसवायला हीच पोरगी आली होती,
त्याच्याकडे कॉफी प्याली होती,
आणि घरी कुणी मला सांगितलं नव्हतं.
ठीक आहे. मोठा तो आहे. आधी त्याच्याकडे.

"चाचणी घेते," म्हणत तिनं कुठलंसं गाणं लावलं.
माझ्या स्पीकरांतून काही नाही.
अ‍ॅम्प्लिफायर "हं" म्हणत राहिला.
आणि छतातून, लाकडी फळ्यांतून,
एक बाई पोर्तुगीजमध्ये गाऊ लागली,
रात्री सव्वादहाला,
त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर.

वर खुर्ची सरकली.
पाय. उजवा जड, डावा हलका; गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं दिसतंय,
तेही मला कुणी सांगितलं नव्हतं.
"सॉरी सॉरी," सिनोवे पुटपुटली, "बंद करते,"
आणि तिचा अंगठा तिथेच थांबला.

फोनवरची आवाजाची रेघ
आपोआप पुढे सरकत होती.
तिनं हात लावला नव्हता. मी तर नाहीच.
थोडी पुढे. थांबली. आणखी थोडी.

त्याला पोर्तुगीज येत नाही. मलाही नाही.

मी विचारलं, केवढं आहे गाणं?
"चार मिनिटं."
होऊ दे पुरं, म्हटलं.

पुरं झालं. मग दुसरं आपसूक लागलं,
त्यांच्यात तशी पद्धत आहे म्हणे.
पोरीनं फोन माझ्यापुढे धरला,
एक चौकोन "वर", एक चौकोन "खाली",
मध्ये जोडायची खूण.
मी चष्मा शोधायला उठलो.
चष्मा डोक्यावरच होता,
तरी बराच वेळ शोधला.