पत्रक

डंडीत हिवाळ्यात चार वाजताच अंधारतं.
हेरंब भिंतीकडे तोंड करून झोपतो, मार्चपासून.
मी आधी दोष दिला माझ्या पोटावरच्या टाक्यांना,
मग त्याच्या ऑफिसातल्या कुणा मॉरागला,
मग… नको ते.

आज पँट धुवायला टाकताना खिशात सापडलं
गोळ्यांच्या खोक्यातलं पत्रक,
घडीवर घडी घालून नखाएवढं केलेलं.
रक्तदाब. चक्कर. हातपाय गार पडणे.
आणि तळाशी, बारीक अक्षरात, ते एक,
ज्याच्याखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढलीय
परीक्षेला बसल्यासारखी.

चौदा वर्षं एका पांघरुणात,
आणि एवढं सांगता येईना, गाढवा?

रात्री माझे बर्फगार पाय
त्याच्या पोटऱ्यांना लावले.
"अगं ए!" म्हणून ओरडला.
भिंतीकडे सरकला नाही मात्र.