येणे बाकी

तिकीट साडेनऊ पौंड, ज्येष्ठांना आठ.
मी पासपोर्ट दाखवला, पावती मागून घेतली,
घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.
चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत हिशेब तपासले.
माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही.

सून म्हणाली, आई, इथे एक कवी राहायचा,
जोसाया मॉसप.
मी नाव ऐकलं नव्हतं. तिनंही नव्हतं.
कर्कबी स्टीफनच्या पुढे, टेकडीच्या कुशीत दगडी घर,
बाहेर मेंढ्यांच्या पाठीवर निळे ठिपके,
कुणाची कुठली ते कळावं म्हणून,
आणि आत प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली
बारीक पांढऱ्या शाईत आकडा.
मला एकदम कचेरीत आल्यासारखं वाटलं.
जडसंग्रह नोंदवही डोक्यात आपोआप उघडली.

टाक एक. दौत एक, टवका उडालेली.
किटली एक, झाकण दुसऱ्याच किटलीचं.
खुर्च्या चार,
प्रत्येकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं,
कुणी बसू नये म्हणून.
पाटी नाही, शिपाई नाही, बोंडच पुरे.
या देशाची ही रीत मला आवडली.
मेज 'त्या काळातलं',
म्हणजे त्याचं नव्हे.
आक्षेप क्रमांक एक, मनातल्या मनात.

कवितांच्या वह्या काचेखाली.
अक्षर असं की तलाठ्यानंही हात टेकावेत.
तिथे मी फार थांबले नाही.

थांबले स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या भिंतीपाशी.
चौकटीत एक बिल होतं. खाटकाचं.
मटण. चरबी. हाडं. हाडं. परत हाडं.
एकूण चार पौंड अकरा शिलिंग.
मी चष्मा पुसून वरून खाली बेरीज केली,
मग खालून वर.
जुळली.
पण 'रक्कम मिळाली' अशी सही
कुठेच नव्हती.

कोपऱ्यात स्टुलावर एक म्हातारा,
गळ्यात ओळखपत्र, डेस्मंड थ्रेलकेल्ड, स्वयंसेवक.
बिलाच्या माथ्यावर छापलेलं तेच आडनाव.
मी एकदा बिलाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.
'पणजोबा,' तो म्हणाला. 'दिले नाहीत त्यानं.
हाडं कुत्र्यासाठी म्हणून न्यायचा.'
आणि जरा वेळानं,
'कुत्रा नव्हता या घरात कधी.'

पाच मुलं होती. ते वरच्या खोलीतल्या फोटोत दिसलं होतं,
पण तिथे मला फक्त फ्रेम मोजायच्या होत्या.

मग तुम्ही, मी विचारलं माझ्या अडखळत्या इंग्रजीत,
दर गुरुवारी इथे फुकट बसता,
बुडव्याच्या घराची राखण करत?
तो म्हणाला, पणजोबा दर वर्षी ती रक्कम
नव्या वहीत पुढे ओढायचे. मग आजोबांनी ओढली.
वडलांनी दुकान विकलं तेव्हा वकील म्हणाला, खोडून टाका.
वडील म्हणाले, असू दे.
'आणि वसुलीला कुणीतरी यायला हवंच ना?'

'वसुलीची शक्यता नाही, सबब निर्लेखित करण्यात यावे.'
हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेन.
एका शाळेची पेटी, भाता फाटलेली.
एका वाचनालयाची दोनशे सात पुस्तकं,
जी गावानं नेली ती परत आणलीच नाहीत.
खाली गोल शिक्का, माझी आडवी सही.
कुणाकडे असतील ती पुस्तकं,
हा प्रश्न तेव्हा नमुन्यात नव्हता.

बाहेर पडताना दुकान.
तेच बिल छापलेला भांडी पुसायचा पंचा, बारा पौंड.
येणे बाकीपेक्षा महाग.
सुनेला हवा होता, मी नको म्हटलं.
मग अभिप्रायवहीत, कुणा नॉर्वेकर कुटुंबाच्या खाली,
सावकाश मराठीत लिहिलं:
तपासले. बेरीज बरोबर आढळली.
बाकी पुढे ओढावी.
तारीख, सही.

काय लिहिलंत, सुनेनं विचारलं.
घर छान ठेवलंय म्हणून लिहिलं, मी म्हटलं,
आणि चष्म्याची डबी पर्समध्ये टाकली.