मालक : आउलिस निस्काला

सत्तावीस हिवाळ्यांचं बर्फ
एकाच तक्त्यात आहे.
भोक क्रमांक, तारीख, सेंटिमीटर,
आणि शेवटच्या रकान्यात शेरा :
करकरतंय.
वर पाणी.
पांढरं बर्फ, भरवसा नको.
लांडग्याचे ठसे, अकरा ते चौदा, आपल्यापेक्षा सरळ चाललाय.

ऑक्टोबरात आउलिस निवृत्त झाला.
केक कापला, किल्ल्या दिल्या,
ट्रॅक्टरची, शेडची, गिरमिटाच्या पेटीची,
एकेक मोजून, सही घेऊन.
तक्त्याची किल्ली कुणाला सुचलीच नाही.
तो ढगात. ढगाला कसलं कुलूप?

मग हेलसिंकीहून निरोप आला, सहीशिवाय :
हे खातं तीस दिवसांनी पुसलं जाईल,
आणि खात्याच्या मालकीचं सगळं.

उघडून पाहिलं.
आम्हां सहाजणांच्या नावांपुढे : फक्त पाहू शकतात.
सात वर्षं मी बर्फावरून आकडे ओरडायचे फोनमध्ये
आणि तो एका बोटाने टाइप करायचा.
हे मला माहीत होतं.
कळलं तेव्हा.

‘प्रत काढ की,’ युहो म्हणाला.
प्रतीत आकडे येतात, पत्ता येत नाही.
बेटावरच्या शाळेची बस, दाई, टपालवाला,
सगळे पहाटे हाच पत्ता उघडतात
आणि मग समुद्रावर गाडी घालतात.

एकोणीस दिवस उरले तेव्हा
फेरीने आउलिसकडे गेले.
पासवर्ड त्याला तोंडपाठ.
पण पुढचा आकडा जातो कचेरीच्या फोनवर,
आणि तो फोन मार्चमध्ये
भोक क्रमांक नऊमधून खाली गेलेला.
‘फोन समुद्रात, फाइल ढगात,’ तो म्हणाला,
‘मधे आपण दोघं. कॉफी घे, इर्मेली.’

तिथूनच हेलसिंकीला फोन लावला.
याल्मारी नावाच्या मुलाने विचारलं,
मालक हयात आहेत का?
‘समोर बसलेत. मासा साफ करतायत.’
मग त्यांनाच लॉगिन करायला सांगा.

तीन अर्ज. दोन आठवडे.
चुकीच्या खिडकीत उभं राहिल्यासारखे दिवस.
खाडीत कडेकडेने साय धरू लागली
आणि मी रोज उरलेले दिवस मोजत होते,
जाडी मोजावी तसे :
नऊ, सहा, चार. यावर माणूस उभा राहत नाही.

दोन उरले असताना
याल्मारीनेच उलटा फोन केला.
त्याची मावशी म्हणे बेटावर राहते.
एक बटण होतं. त्याने ते दाबलं.
तक्ता माझ्या नावावर झाला.

पहिलं काम : सहाही जणांना, बदलू शकतात.
उद्या मीही एखाद्या भोकातून जाईन,
तर आकडे माझ्याबरोबर जायला नकोत.
मग आउलिसचं नाव राखाडी झालं
आणि तिसऱ्या दिवशी नव्हतंच.

तक्त्याचा पत्ता मी कागदावर उतरवला, हाताने,
चव्वेचाळीस अक्षरं,
शून्य कुठलं आणि ओ कुठला ते खुणा करून,
आणि फेरीच्या शेवटच्या खेपेला खलाशाकडे दिला.
पत्ता असेल तो पाहू शकेल, एवढं उघडं ठेवलं.

जानेवारी. उणे तेवीस.
पहिल्यांदाच आकडे मी स्वतः भरतेय,
दोन्ही हातांनी, तरी त्याच्याहून हळू.
वरच्या कोपऱ्यात एक गोल उगवला :
अनामिक ऊदमांजर.
रात्रीचे अकरा वाजून गेलेले. बस झोपलेली, दाई झोपलेली.

भोक आठ, एकेचाळीस.
भोक नऊ, अडतीस.
शेऱ्याच्या रकान्यात जरा थांबले, मग लिहिलं :
फोन दिसला नाही.

ऊदमांजर बराच वेळ होतं.
मी भोक दहाकडे वळले.