येळ्ळूरची शेळी

शहापुरात माझ्या दुकानाच्या पाटीवर
वर ठळक कन्नड, खाली बारीक मराठी,
आणि दोन्हींच्या खाली टांगलेली हलगी,
जी वाचायला शाळा लागत नाही.

तीच बघून तो आत आला,
चोर्ल्याच्या घाटात दोनदा ओकून.
रंग आपलाच. मला वाटलं मडगावकडचा कुणी.
'कुठनं येऊलाय?' म्हटलं.
ब्राझील, म्हणाला.
शेजारच्या मागावरचा शिवाप्पा म्हणाला,
ते हुबळीच्या पुढं काय?

पिशवीतनं डफासारखं काहीतरी काढलं,
कडेला पत्र्याच्या चकत्या, मधोमध फाटलेलं कातडं.
नाव वाल्दिर. भाषा जुळेना.
माझ्या बादलीला तो बाउजी म्हणाला,
चावीला शावी.
काजूची पुडी सोडली तर म्हणाला, काजू.
एवढा एकच शब्द सरळ आला
दोन्हीकडनं.

कातडं भिजेपर्यंत त्यानं जन्म सांगितला,
हातांनी, स्वतःच्या गुडघ्यावर.
आईचं जेवणाचं ताट. बूटपॉलिशची पेटी.
गल्लीच्या जत्रेत मागची रांग. मग जहाज,
जहाजावरची नाचाची खोली.
मग मोठं शहर, जॅझवाले :
पुढं भोंगा वाजवणारा, उजेड त्याच्यावर,
आणि हा पियानोच्या आड.
तबकड्या बत्तीस. दहा बोटं तीनदा, वर दोन.
नाव कितींवर? चार बोटं धरली,
थांबून एक मिटलं,
हवेत काहीतरी लिहून खोडून दाखवलं.

हे कळायला मला भाषा लागली नाही.
माझ्या बापानं अर्ध्या तालुक्याची लग्नं वाजवली,
अल्बमात त्याचं एक कोपर आहे.

कातडं ताणलं, उन्हात धरलं.
त्यानं आधी कान लावला,
आत कुणी झोपलंय अशा बेतानं.
मग सुरू केलं.
शिवाप्पाचे माग खटाखट चालू,
त्यांच्या मधल्या फटीत यानं थाप टाकली.
चाळीस वर्षं तो आवाज ऐकतोय मी,
त्यात फट आहे ठाऊक नव्हतं.
मी हलगी उतरवली. शेकायला वेळ कुठला,
ढब्ब वाजली. वाजू दे.
शिवाप्पा दारात, मालकाच्या शिव्या खात.

साडेतीनशे म्हटलं. पाचशे दिले, वरचे परत घेईना.
मी पावशेर कुंदा त्याच्या पिशवीत कोंबला.
साडेचारची गाडी होती.
टिळकवाडीच्या गेटात रिक्षा अडकली असणार.

सात वर्षं झाली. फोन नाही.
येणार कसा, नंबर कुठं दिलावता.
ते कातडं येळ्ळूरच्या शेळीचं,
गडाच्या उतारावर चरलेली,
मानेजवळ बोरीचा ओरखडा.
तो मी मुद्दाम कडेला घेतला,
अंगठा टेकतो तिथं.

आता ती कुठल्या पियानोच्या आड असेल कुणास ठाऊक.
दमट हवेत सैल पडते, जरा शेक द्यायचा,
एवढं सांगायचं राहिलं.
त्याला माहीत असणारच म्हणा.
तरी.